चौथा हात

माझ्या दादाने कुठे मरायचं ते आम्हाला सरळ सांगून टाकलं होतं. "मला बोटीत न्या. माझ्या फळीवर झोपू द्या. मग काय व्हायचं ते होऊ दे." वहिनी त्याच्यावर खेकसली, "काहीतरी अभद्र बोलू नका," आणि औषधाची बाटली उगाचच या कपाटातून त्या कपाटात ठेवत बसली.

बोट म्हणजे थाटामाटाचं काही नाही हो. आमच्या वडिलांच्या वयाची लाकडी बोट, वर्षानुवर्षं एकाच धक्क्याला बांधलेली. दादा आणि वहिनीने तिच्या केबिनमध्ये अकरा वर्षं संसार केला. दादाची छाती बिघडली तशी वहिनीने त्याला तिथली ओल नको म्हणून तळमजल्यावरच्या एका भाड्याच्या खोलीत आणलं. तिथे खिडकीतून समोरची भिंत दिसायची. दुसरं काही नाही.

आम्ही दोघं भाऊ वार्निशवाले. जुन्या बोटींच्या आतलं लाकूड घासायचं, चमकवायचं, बस्स, दुसरं काही येत नाही. दादाच्या छातीत काय साठलंय ते सांगायला डॉक्टर कशाला हवा? तीस वर्षांचा लाकडाचा भुसा आणि थिनरचा वास. आणि या तीस वर्षांत माझ्या कामाला तो एकदाही चांगलं म्हणाला नाही. काम झालं की दिवा तिरका धरायचा, सगळी केबिन फिरायचा आणि कुठल्यातरी खणाखाली ओघळलेला एक थेंब बरोब्बर शोधून काढायचा. "अति घाई संकटात नेई," असं म्हणायचा, तेही चाल लावून. सगळी गोदी मला घाईराव म्हणायला लागली ती त्याच्यामुळे.

डॉक्टर म्हणाले, महिनाभर काढतील. मी त्याच दिवशी बोटीवर गेलो. केबिन वर्षभर बंद होती. आतलं सागवान निस्तेज झालं होतं, पाणी झिरपलं तिथे पांढरे डाग, कोपऱ्यात बुरशी. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि फळीच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा जागी घासला. लाकूड चिकट झालं, बोळ्याला तपकिरी रंग लागला. म्हणजे लाखेचं पॉलिश. वडिलांच्या हातचं.

आता नीट ऐका, कारण माझं पाप इथेच आहे. जुन्या लाखेवर नवी लाख बसते. खालची वरचीत विरघळते, खरवडायला लागत नाही. पुसायचं, दोन हात द्यायचे, दोन दिवसांत काम खलास. स्पिरिटचा वास रात्रभरात उडून जातो. पाणी सांडलं तर पुन्हा डाग पडतो, एवढीच काय ती खोट. वार्निशला पाणी लागत नाही आणि झळाळी अशी येते की बघत राहावं. पण त्यासाठी आधी सगळी लाख खरवडावी लागते, मग सात हात, एकेका हाताला एकेक दिवस, आणि वर वास जायला आठवडा. जवसाच्या तेलाचं तर बंद केबिनमध्ये नावच काढू नये, काळं पडतं. हे सगळं मला दादानेच शिकवलं होतं.

आणि मी पत्ती घेतली आणि वडिलांची लाख खरवडायला बसलो.

खरं सांगू? मला एकदा, फक्त एकदा, त्याच्या तोंडून 'छान' ऐकायचं होतं. तो जाण्याआधी. तीस दिवस आहेत, मी मनात म्हटलं. पाच दिवस खरवडायला, सात दिवस सात हातांना, आठवडा वास जायला. वर अकरा दिवस उरतात. शहाणाच की मी!

शेजारच्या बोटीवरचा सुतार डोकावला. "घाईराव, तुमच्या भावाला तिथे झोपायचंय. भांग नाही पाडायचा लाकडात बघून."

"तू तुझे खिळे ठोक," मी म्हटलं.

पहिला हात झकास बसला. दुसरा त्याहून झकास. तिसरा दिला आणि पाण्यावर धुकं उतरलं. चार दिवस हटेना. लाकडाला बोट लावावं तर चिकटायचं. मी हीटर आणून लावला, पंखा लावला, धुक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वार्निशला शिव्या कळत नाहीत.

चौथ्या दिवशी वहिनी धक्क्यावर आली. आत न येता बोटीत उतरायच्या फळकुटावरच उभी राहिली. "भाऊजी, कधी होणार? ते रोज विचारतात. नुसतं पुसून घेतलं असतं तरी चाललं असतं हो."

"वहिनी, यातलं तुम्हाला नाही कळायचं," मी म्हणालो. अकरा वर्षं जिने त्या केबिनमध्ये चूल पेटवली, तिला मी हे बोललो. जीभ झडायला हवी होती माझी. ती आल्या पावली परत गेली.

त्याच दुपारी मी तिसऱ्या हातावर चौथा हात मारला. तिसरा ओला असताना. या धंद्यातलं पहिल्या आठवड्यातलं पोरही हे करत नाही. वरून साय धरते, खालचं कच्चंच राहतं, वास आत कोंडून राहतो आणि मग महिनाभर सुटत राहतो. मला ठाऊक होतं. तरी मारला. सकाळी पाहिलं तर दादाच्या फळीच्या वरच्या तक्त्यावर सुरकुत्या पडल्या होत्या, दुधावरची साय गोळा व्हावी तशा.

दुसऱ्या दिवशी फोन आला. वहिनीचा आवाज अगदी शांत होता. डॉक्टरांनी महिन्याची गोष्ट सोडून दिली होती. "मला आजच बोटीत न्या म्हणताहेत हे."

"दोन दिवस द्या मला, वहिनी."

"दोन दिवस कुठून आणू मी, भाऊजी?"

मी आणि सुताराने त्याला खुर्चीत बसवून आणलं. काहीच वजन नव्हतं त्याला. फळकुटावरून बोटीत उतरवलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते, आणि खरं सांगतो, तो हसत होता. मी सगळ्या खिडक्या सकाळपासून उघड्या ठेवल्या होत्या. काय उपयोग? केबिनच्या दाराशी पोचलो आणि वास आला. दादा खोकायला लागला. तो खोकला थांबेचना. वहिनी त्याची पाठ चोळत होती, सुतार पाण्यासाठी धावला, आणि मी तिथे ठोंब्यासारखा उभा.

शेवटी थांबला. आम्ही खुर्ची दारातच टेकवली. दादाने हात लांब करून चौकटीच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला आणि उचलला. ठसा उमटला होता.

"कितवा हात?"

"चौथा."

"आणि तिसरा?"

त्याला उत्तर नकोच होतं. त्याने आत बघितलं. दुपारचं ऊन थेट त्याच्या फळीवर पडलं होतं, सगळ्या सुरकुत्या ढळढळीत दिसत होत्या. मी वाट बघत होतो. म्हण ना, घाईराव म्हण, गाढवा म्हण, वडिलांची लाख कुणी खरवडायला सांगितली होती म्हण! आईशप्पथ सांगतो, त्याने माझ्या कानाखाली वाजवली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

"छान झालंय," दादा म्हणाला.

मला रडू फुटलं. वहिनीने मान खाली घातली.

"थोडा वेळ इथेच बसायचं का?" तिने त्याला विचारलं. "वास गेला की आत..."

त्याने नकारार्थी मान हलवली. वास किती दिवसांनी जाणार हे त्या अंगठ्यानेच त्याला सांगितलं होतं, आणि आपल्याकडे किती दिवस आहेत हेही तो जाणून होता. "दार लावून घे," तो मला म्हणाला. "ओलं आहे. धूळ बसेल."

मी दार लावलं. आम्ही त्याला परत त्या खोलीत नेलं.

रात्रीचा दिवस करून मी ते वार्निश खरवडायला घेतलं. ओलं वार्निश निघत नाही, पत्तीला चिकटतं, पुन्हा लाकडाला लागतं. लाखेचे दोन हात, दोन दिवस, एवढंच तोंडाने म्हणत होतो. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण माझ्यासाठीच केली असणार कुणीतरी. पाचव्या दिवशी सकाळी अर्धी केबिन उघडी झाली होती, त्याच्या फळीकडची बाजू. तेवढ्यात फोन वाजला. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट होते, पहिल्यांदा उचलता आला नाही.