बाई सेपाच्या नावाने

फिलिपिन्समध्ये, लिंगायेनच्या किनाऱ्याला लागून मांग डेल्फिन, म्हणजे डेल्फिनकाका, यांचा बगूंगचा, खारवलेल्या माशांच्या चटणीचा, कारखाना होता. कारखाना म्हणजे मिठात मासे मुरत घातलेले साठेक रांजण, बाटल्या भरायची पत्र्याची शेड आणि ऑफिसची एक खोली. त्या शेडमध्ये फिलोमेनाने बावीस वर्षं बाटल्यांना लेबलं चिकटवली होती. सगळे तिला मेना म्हणत. वय त्रेपन्न, लग्न केलं नव्हतं, आई गेल्यापासून घरात एकटीच.

कंपनीचं फेसबुक पेज मालकांनी आधी मनिलाच्या एका एजन्सीकडे दिलं होतं. तिथल्या लोकांनी चकचकीत फोटो टाकले, खाली इंग्रजीत गुळगुळीत वाक्यं. सहा महिन्यांत तीनशे माणसं जमली, त्यात निम्मे मालकांचे नातेवाईक.

"मेना, तूच लिहून बघ," मांग डेल्फिन वैतागून म्हणाले. "तुझी जीभ तरी गावची आहे."

"मला काय येतंय त्यातलं?"

"भांडता येतं ना? मग झालं."

मेनाने पहिला फोटो टाकला तो स्वतःच्या डब्याचा: भात, कच्चा आंबा आणि त्यावर चमचाभर बगूंग. खाली लिहिलं, 'जेवलास का रे? नसशील तर बाई सेपाला तोंड दाखवू नकोस.' बाई सेपा म्हणजे मालकांची आजी, बाटलीवर जिचं चित्र होतं ती. फोटो एकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि दुपार उलटेपर्यंत चारशे जणांनी उत्तरं दिली, हाँगकाँगच्या स्वयंपाकघरांतून, आखातातून, भर समुद्रातल्या जहाजांवरून. 'जेवलो गं बाई, पण ब्रेड!' कुणी लिहायचं. मेना लिहायची, 'ब्रेडला जेवण म्हणतोस? आईला सांगू का?'

वर्षभरात पेजवर नव्वद हजार माणसं झाली. मेना एकेकाला उत्तर द्यायची, दटावायची, चिडवायची, कुणाची परीक्षा कशी गेली ते विचारायची. संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढताना मात्र तिच्या ध्यानात यायचं, की आज दिवसभर आपण तोंडाने एक शब्द बोललेलो नाही.

एका दुपारी मिलानहून निरोप आला. 'बाई, आमच्याकडे पिनाकबेतच्या भाजीत आई काहीतरी आंबट घालायची. चिंच नव्हे. काय असेल? मला आठवत नाही, आणि विचारायला कुणी नाही.'

नाव वाचून मेनाचे हात थांबले. एदिता. तिची धाकटी बहीण.

नऊ वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा एदिता मिलानमध्ये एका म्हातारीची सेवा करत होती. कागदपत्रं अडकली होती, निघाली तर परत जाता येणार नव्हतं. ती आली नाही. आईला माती दिल्यावर तिचा फोन आला, तेव्हा मेना म्हणाली होती, "परक्या म्हातारीचं अंग पुसत बसलीस ना? आता येऊच नकोस. इथे तुझं कुणी नाही." एदिताने ते शब्दशः धरलं.

मेना खुर्चीवरून उठली, पाणी प्यायली, परत बसली. मग बाई सेपाच्या नावाने लिहिलं, 'कच्च्या करमळाच्या दोन चकत्या घालत असेल बघ. परसात झाड असेल तर.'

मेना पुढच्या निरोपांना उत्तरं देत राहिली. मग तिचं उत्तर आलं, 'हो. तेच.'

त्यानंतर रोज दुपारी एदिताचा निरोप यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळ असायची, कामाला जाताना बसमधून ती लिहायची. गुडघे दुखतात. नवऱ्याने वेगळा संसार थाटला. ज्या घरी काम करते तिथला कुत्रा फक्त तिचंच ऐकतो. मेना विचारायची, 'गुडघ्याला काय लावतेस?' 'थंडी आहे का? मोजे घाल, मिरवू नकोस.' ही सगळी काळजी तिला स्वतःच्या नावाने नऊ वर्षांत करता आली नव्हती.

चार महिने असं चाललं. मग एक दिवस मालकांनी तिला बोलावलं. मनिलाच्या एका मोठ्या दुकानसाखळीने माल घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, जाहिरात त्यांची माणसं बघणार.

"पेज सोमवारी त्यांच्या ताब्यात द्यायचं," मांग डेल्फिन म्हणाले. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं. "वाईट वाटून घेऊ नकोस, मेना. तुझी लेबलांची जागा आहेच की."

"बाई सेपा बोलणार ना पुढे?"

"बोलेल. कोणीतरी पोरगी बोलेल तिच्या नावाने."

शनिवारी दुपारी मेनाने एदिताला लिहिलं, 'सोमवारपासून इथे दुसरं कुणी असेल. तुझं मनातलं काही लिहू नकोस. मी मेना आहे.' खाली स्वतःचा फोन नंबर दिला. डोळे मिटून बोट दाबलं.

उत्तर लगेच आलं, लहानपणी ताईला मारायची तीच हाक घालून. 'माहीत आहे, आची. करमळाचं झाड अख्ख्या लिंगायेनमध्ये कितीजणांच्या परसात होतं? मला दुसऱ्याच दिवशी कळलं.'

'मग बोलली का नाहीस?'

'बाई सेपा माझ्याशी नीट बोलत होती. मला वाटलं, तिच्या जागी तू आलीस तर परत भांडशील.'

सोमवारी पेज गेलं.

फोनची वाट बघण्यात तीन आठवडे गेले. लेबलं चिकटवताना ती फोन समोर उभा करून ठेवायची. नव्या पोरीने बाई सेपाला गुलाबी चष्मा घातलेला तिने पाहिला आणि मग पेज उघडणंच सोडलं. शेवटी एका रविवारी दुपारी तिनेच एदिताचा नऊ वर्षांपूर्वीचा नंबर लावला.

"हॅलो," पलीकडून आवाज आला. किती जाड झाला होता आवाज.

"मी आहे."

"हं."

"जेवलीस का?"

"इथे सकाळ आहे, आची."

"हो, हो. विसरलेच."

लिहिताना कसे शब्द भराभर यायचे! मेनाला त्या बाटलीवरच्या म्हातारीचा हेवा वाटला.

"मी बसमध्ये आहे," एदिता म्हणाली. "इथे मोठ्याने बोलता येत नाही."

"मग ठेवू?"

"नको. ठेवू नकोस. उतरेपर्यंत राहा."

मेना स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली, फोन कानाला घट्ट लावून. पलीकडे बसचं दार उघडायचं, मिटायचं. एक बाई परक्या भाषेत थांब्यांची नावं सांगत होती. एदिताचा श्वास ऐकू येत होता, मधूनच नाक ओढल्याचा आवाज. मेनाला थांब्यांतलं एकही नाव समजत नव्हतं. ती ऐकत राहिली.

"आलं माझं," शेवटी एदिता म्हणाली, आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी, त्याच वेळेला, मेना पुन्हा बाकावर येऊन बसली आणि तिने नंबर लावला.