जायला तीन तास, यायला आठ

मी एक जुना, हवा भरायचा पृथ्वीगोल आहे. प्लास्टिकच्या सहा पाकळ्या, एक झडप, दोन ठिगळं आणि पेनाने काढलेलं एक वर्तुळ, एवढं माझ्या अंगावर आहे. वर्तुळ सिंगापूरभोवती आहे, कारण त्याचा ठिपका एरवी सापडत नाही.

मित्रांनो, कारखान्यात माझ्या पाकळ्या तापवून जोडल्या आणि घडी करून मला पाकिटात घातलं. सिंगापुरात, तुआसच्या कारखान्यांच्या भागात इंजिनियर असलेल्या सुगतने बुकित बातोकच्या दुकानातून मला आपल्या मुलीसाठी, दीप्तीसाठी आणलं. पंपाने हवा भरल्यावर माझं फार कौतुक झालं. पुलाउ उबीन बेटाच्या सहलीलाही मी गेलो. पुढे शाळेचा अभ्यास वाढला आणि मी पलंगाखाली गेलो. हवा हळूहळू निघून गेली, आफ्रिकेला सुरकुत्या पडल्या. अंगावरचं एखादं तरी दूरचं गाव खरोखर बघावं, अशी ओढ मला तिथे पडल्या पडल्या लागली.

२०१६च्या नोव्हेंबरात दीप्तीने मला बाहेर काढलं. चेंबूरचे तिचे आजोबा, यादवराव, डिसेंबरात सिंगापूरला येणार होते. पण छातीचा आजार वाढला आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली. सुगत म्हणाला, आपणच जाऊ, पण पुढच्या वर्षी, हातातलं काम संपलं की. दीप्तीचा चेहरा उतरला. स्काइपवर ‘जय भीम’ म्हणून झाल्यावर तिने मला कॅमेऱ्यासमोर धरलं.

“आजोबा, इकडून मुंबई जवळ आहे. थ्री अवर्स ओन्ली, लाह. तिकडून सिंगापूर लांब आहे. आठ तास.”

बोलताना शेवटी ‘लाह’ लावायची तिची सिंगापुरी सवय होती. मागच्या प्रवासात तिने विमानतळांवरची घड्याळं नीट पाहिली होती. जाताना साडेसातला निघून साडेदहाला मुंबई आली. येताना रात्री साडेअकराला निघून सकाळी साडेसातला सिंगापूर आलं. मुंबईचं घड्याळ अडीच तास मागे असतं, एवढंच तिने धरलं नव्हतं.

सुगत समजावू लागला, की दोन्हीकडून साडेपाच तासच लागतात. यादवरावांनी त्याला थांबवलं.

“राहू दे रे, तिचं गणित मोडू नकोस. दीप्ती, आठ तास काही मला बसवायचं नाही. तुला तीनच लागतात ना, मग तूच ये.”

ते हसले. हसता हसता खोकला लागला, तो लवकर थांबेना. सुगत पडद्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने रजा मागितली आणि मी घडी होऊन दीप्तीच्या दप्तरात बसलो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. माझ्यासारख्याची हवा गेली, तर त्याला टाकून देऊ नका. झडप पुसा, ठिगळ लावा, पुन्हा भरा. आणि हे पुढच्या वर्षावर ढकलू नका. पडून पडून प्लास्टिक कडक होतं.

चेंबूरला यादवरावांनी पंप बाजूला सारला आणि झडप तोंडात धरली. दोन फुंका मारून ते थांबायचे, पुन्हा दोन मारायचे. सुगतने हात पुढे केला, तर त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळाने त्यांनी झडप बंद करून मला, थोडा सैलच, नातीच्या हातात दिलं.

पंपाने भरलं की माझ्यावर सिंगापूर ते मुंबई बारा सेंटिमीटर तीन मिलिमीटर भरतं. दीप्तीने टेप लावली. अकरा सेंटिमीटर एक मिलिमीटर.