दुसरं पिंप

सकाळी सात वाजता नॅन्टकेट बेटावर सियासकॉन्सेट गावाच्या वाळूत एक जहाज चढलं. मेरॅब पॅडक तिथं पोचली तेव्हा त्याचा मागचा भाग लाटांत आपटत होता, पुढचा भाग वाळूत रुतला होता आणि वर एकही माणूस दिसत नव्हता. मागच्या फळीवर लिव्हरपूलचं नाव रंगवलेलं होतं. ऑक्टोबरच्या वाऱ्यात गावची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून पिंपं किनाऱ्याकडं ढकलत होती.

"कुणाचं आहे?" मेरॅबनं विचारलं.

"समुद्राचं," गाडीवाला ओबेड म्हणाला. "फुटलेलं जहाज ते. जो ओढील त्याला वाटा. तुझ्या आज्यापासून चालत आलंय."

"आणि वरची माणसं?"

"होडीनं गेली म्हणे. आता त्यांना हुडकून, विचारून, मग पिंप धरू का? तोवर पीठ माशांनी मळलं असेल."

पीठ म्हटल्यावर मेरॅबनं झग्याचा काठ कमरेला खोचला आणि ती पाण्यात उतरली. दुपारी ओबेडच्या गाडीतून तिच्या वाट्याची दोन पिंपं घरी आली. पांढरं, गव्हाचं पीठ होतं.

मेरॅब जहाजांसाठी बिस्किटं भाजायची. नॅन्टकेटहून देवमासे मारायला जाणारी जहाजं दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी परतत आणि त्यांच्या कोठारातली कडक बिस्किटं बरीचशी तिच्या भट्टीतली असत. अमेरिका आणि इंग्रजांचं युद्ध सुरू झालं आणि जहाजं जायची थांबली. युद्धाचं हे तिसरं वर्ष होतं. तिचा नवरा पेलेग युद्धाच्या आधीच पेरू देशाकडच्या समुद्रात गेलेला. एकदा कुणाला तरी त्याचं जहाज दिसलं होतं, त्यानंतर काही कळलं नव्हतं. ती धड विधवा नव्हती आणि धड नवऱ्याची बायकोही राहिली नव्हती.

बेटाबाहेर इंग्रजांच्या तोफा होत्या. बेटावर झाडं नाहीत, सरपण आणि धान्य समोरच्या किनाऱ्यावरून यायचं, तेच अडलं. त्या उन्हाळ्यात गावानं इंग्रजांच्या दर्यासारंगाकडं माणसं पाठवली: आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही, वॉशिंग्टनला कर देणार नाही, आमच्या होड्या सोडा. इंग्रजांनी काही होड्या सोडल्या. समोरच्या किनाऱ्यावरचे लोक नॅन्टकेटवाल्यांना गद्दार म्हणू लागले. बेटावरून कुठं जाता येत नव्हतं, आणि गेलं तर कुणी दारात उभं करणार नव्हतं.

ज्यांचे पुरुष समुद्रावर अडकले होते त्यांना क्वेकर या ख्रिस्ती पंथाची सभा दर महिन्याला मका आणि सरपण देई. मेरॅब त्यावरच तगून होती. सभेचे नियम तिला पाळण्यातल्या अंगाईसारखे पाठ होते. शस्त्र धरायचं नाही. शपथ घ्यायची नाही, कारण क्वेकराचा साधा शब्दच पुरेसा. कुणाला अहोजाहो करायचं नाही, कारण देवापुढं सगळे सारखे. आणि युद्धात लुटलेला माल घरात आणायचा नाही. फुटलेल्या जहाजाचा माल चालत होता. तो समुद्रानं दिलेला असे.

त्याच संध्याकाळी बेटाच्या दक्षिणेला तोफा वाजल्या. इंग्रजांची फ्रिगेट, म्हणजे लढाऊ जहाज, आणि एक अमेरिकन परवानेवालं जहाज यांची जुंपली होती. परवानेवाले म्हणजे शत्रूची व्यापारी जहाजं लुटायचा सरकारी परवाना घेतलेले. इंग्रज होड्यांतून चढून आले आणि डेकवर कुऱ्हाडी चालल्या. दुसऱ्या दिवशी परवानेवाल्यानं दोन्हीकडचे जखमी नॅन्टकेटला उतरवले आणि तो निघून गेला. जखमी घराघरांत वाटले गेले. मेरॅबच्या वाट्याला दोघं आले. मांडीत गोळी शिरलेला परवानेवाल्यावरचा लेव्हाय, आणि खांद्यावर कुऱ्हाड बसलेला इंग्रज खलाशी नेड. भट्टीजवळच्या एकाच खोलीत दोघांच्या गाद्या पडल्या. कुऱ्हाड लेव्हायचीच होती का, हे त्या दोघांनी पहिल्याच दिवशी कोण कुठं उभा होता ते आठवून पडताळून पाहिलं. जागा जुळल्या नाहीत. दोघांनाही जरा वाईट वाटलं.

बेटावर मोठी भट्टी एकच. मेरॅबनं पहिलं पिंप फोडलं आणि गावातल्या सगळ्या जखमींसाठी पाव भाजायला सुरुवात केली.

"घे रे, गरम आहे," ती नेडला म्हणाली.

"बाई, तुमच्याकडं सगळ्यांनाच अरेतुरे?" नेडनं विचारलं. "आमचे कप्तान आले तर त्यांनाही?"

"आला तर त्यालाही."

"या एकदा बघायला, कप्तानसाहेब," नेड छताकडं बघून म्हणाला.

पहिल्या पिंपाचा तळ दिसायला लागला त्या दिवशी लेव्हाय पाव चावता चावता म्हणाला, "पाव झकास आहे बाई. पण आमचंच पीठ आम्हालाच वाढताय, आणि वर उपकार."

"तुम्हा लोकांचं पीठ कसं?"

"मग कुणाचं? लिव्हरपूलचं ते जहाज आम्हीच धरलेलं. आमची माणसं बसवून बॉस्टनला धाडलं होतं. फ्रिगेट मागं लागली, तशी त्यांनी ते वाळूत घातलं आणि पळाली."

"धरलं म्हणे," नेड म्हणाला. "चोरलं म्हण."

"परवाना आहे आमच्याकडं. सरकारच्या सहीचा."

"चोराला सही दिली म्हणून तो काय दिवाण होतो?"

मेरॅबच्या हातात पळी होती. ती तिनं खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही.

"काय झालं?" लेव्हायनं विचारलं.

"काही नाही. आम्हाला लुटीचा माल चालत नाही."

"मग आता?"

संध्याकाळी शेजारच्या घरातून एक बाई रिकामी टोपली घेऊन आली. तिच्याकडं तिघं जखमी होते. "उद्याचे पाव किती वाजता नेऊ?"

मेरॅबनं भिंतीलगतच्या दुसऱ्या पिंपाकडं पाहिलं. "सकाळी ये," ती म्हणाली. बाई गेल्यावर तिनं मोगरी घेऊन पिंपाचं वरचं कडं सैल केलं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी सभेच्या दोघी जणी आल्या. पीठ लुटीचं असल्याचं एव्हाना जखमींच्या तोंडून गावभर झालं होतं. हुल्दा ही पेलेगची थोरली बहीण, म्हणजे मेरॅबची नणंद. तिच्याबरोबर बायकांच्या सभेचं कामकाज चालवणारी युनिस मेसी. रीतीप्रमाणं तिघी आधी थोडा वेळ गप्प बसल्या. आत दोघा पुरुषांचं भांडण चाललं होतं. बाहेर ही शांतता कळली तसे तेही गप्प झाले.

"पीठ लुटीचं होतं हे तुला आता माहीत आहे," हुल्दा म्हणाली.

"आहे."

"घेतलंस तेव्हा माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"झालं तर मग. सभेत उभी राहा आणि एवढंच सांग. विषय संपेल."

"पहिल्या पिंपाचं सांगेन. दुसरं फोडलं तेव्हा मला माहीत होतं."

हुल्दानं डोळे मिटले. "दुसऱ्याचं कुणी विचारलंय?"

युनिसनं मान वळवून हुल्दाकडं पाहिलं. हुल्दाचा चेहरा लाल झाला. सभेतली थोर बाई होती ती. अर्धं लपव, असं तोंडातून निघून गेलं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग म्हण, दुसऱ्या पिंपाचा पस्तावा झाला."

"झालेला नाही, हुल्दा. खोटं कसं बोलू?"

"हट्टाला खरेपणा म्हणू नकोस."

"हट्ट असता तर बरं झालं असतं. सोडून दिला असता."

"सभेबाहेर काढली तुला, तर सरपण कुठनं आणशील? थंडी दारात आहे. होडीत बसून जाशील म्हणावं, तर इंग्रज सोडत नाही आणि पलीकडचा घेत नाही." हुल्दाचा आवाज चढला होता, तो तिनं खाली आणला. "आणि पेलेगला मी काय तोंड दाखवू?"

"पेलेग आला, तर मी सांगेन त्याला."

त्या 'तर'वर हुल्दानं शाल घट्ट ओढून घेतली. मग ती उठली.

नोव्हेंबरच्या, म्हणजे क्वेकरांच्या बोलीत अकराव्या महिन्याच्या सभेत मेरॅब उभी राहिली आणि जसं होतं तसं बोलली. पहिलं पिंप अजाणता घेतलं, त्याचं वाईट वाटतं. दुसरं जाणून फोडलं, त्याचं वाटत नाही.  मग युनिस म्हणाली की बायकांना यावर विचार करायला वेळ हवा, विषय पुढच्या महिन्यावर ठेवू. उरलेलं पीठ कुणाचं, हाही प्रश्न होता. लिव्हरपूलच्या मालकाचं, परवानेवाल्याचं, की जकातीचं? दुसऱ्या कुणाच्या घरी ते ठेवता येत नव्हतं, कारण त्या घराला तोच डाग लागला असता.

"निकाल लागेपर्यंत तू त्याला हात लावणार नाहीस?" युनिसनं विचारलं.

मेरॅबला ते रास्त वाटलं. जखमी सुधारत होते, मक्यावर भागलं असतं. "नाही लावणार," ती म्हणाली.

पुढचे काही दिवस बरे गेले. लेव्हाय काठी घेऊन भट्टीपर्यंत येऊ लागला.

"नवरा आला की तिकडं पश्चिमेला, ओहायोला चला बाई," तो म्हणायचा. "इथं वाळूत काय उगवतं? आमच्याकडं गहू टाकला की कमरेएवढा होतो. मी तर पिठाचीच होडी घेऊन नदीनं न्यू ऑर्लीन्सला उतरलो होतो. तिथं समुद्र बघितला आणि फसलो. जमीन म्हणाल तेवढी आहे."

"कुणाची जमीन?"

"कुणाची म्हणजे? सरकार विकतं."

"सरकारनं कुठनं आणली?"

लेव्हाय जरा अडखळला. "आधी शॉनी होते तिथं, मूळचे लोक. लढाया झाल्या. मग ते मागं सरकले."

"म्हणजे तीही लुटीचीच."

नेड हसायला लागला. खांदा दुखला तसा कण्हला आणि परत हसला. "गेलं तुझं ओहायो. ही बाई त्यालाही हात लावायची नाही."

त्या आठवड्याच्या शेवटी इंग्रजांची होडी पांढरं निशाण लावून आली आणि त्यांचे जखमी घेऊन गेली. निघताना नेडनं लेव्हायचा हात हातात घेतला. "बरा हो," तो म्हणाला. "पुन्हा भेटलास तर बघतो तुला."

दोन दिवसांनी लेव्हायची मांडी सुजली. जखम आतून चिघळली होती. तापात त्याच्या पोटात मका ठरेना, पेज दिली की उलटून पडे.

"बाई, पाव द्या," तो म्हणाला. "पांढरा. दुधात बुडवून."

मेरॅब गव्हाच्या पिठासाठी घरोघर फिरली. वाळूवरून पीठ आणलेली घरं होती, पण सभेतली चौकशी सुरू झाल्यापासून कुणाकडंच पीठ नव्हतं. ओबेडकडं मिठाशिवाय काही निघालं नाही. शेवटी ती हुल्दाकडं गेली.

"मला शब्दातून मोकळी कर."

"शब्द मला दिलास का? सभेला दिलास."

"मग सभा बोलव."

"सभा महिन्याच्या महिन्याला बसते, मेरॅब. तुला का सांगायला हवं?" हुल्दा आत गेली आणि दुधाचं भांडं घेऊन बाहेर आली. स्वतःच्या गाईचं होतं ते, गाय आटत आली होती. "हे ने. उकडलेला बटाटा कुस्करून बघ त्यात."

"बटाटा बघितला. राहत नाही."

"मी इथंच 'मोड' म्हटलं, तर मोडशील शब्द?"

"मोडायचा असता तर इथपर्यंत कशाला आले असते?"

 हुल्दानं दुधाचं भांडं मेरॅबच्या हातात दिलं आणि फाटकापर्यंत बरोबर आली.

पिंप भट्टीच्या डावीकडं होतं. झाकण नुसतं टेकवलेलं होतं. लेव्हायच्या गादीवरून ते दिसत होतं. पहिल्या दिवशी त्यानं त्याकडं बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी नुसतंच पाहिलं.

"तुमच्या देवाला काय फरक पडतो?" त्यानं विचारलं.

"त्याला पडत नसेल," मेरॅब म्हणाली. "मी शब्द दिलाय रे."

"बरं," लेव्हाय म्हणाला. रागावला नाही. तिनं चमच्यानं दूध पाजलं, त्यातलं थोडं आत राहिलं. शनिवारी पहाटे तो गेला. वैद्य म्हणाला की मांडी त्या थराला गेल्यावर पावानं काही वाचला नसता. मेरॅबनं ऐकून घेतलं.

बाराव्या महिन्याच्या सभेला बायकांची बाकं भरलेली होती. युनिसनं जुनाच विषय काढला. मेरॅब उभी राहिली.

"तुझ्या घरातल्या पिठाबद्दल," युनिस म्हणाली, "तुला पस्तावा होतो का?"

"होतो," मेरॅब म्हणाली.

समोरच्या उंच बाकावर हुल्दाचे खांदे सैल झाले. आता ती रडेल असं शेजारच्या बाईला वाटलं. युनिसनं दौतीत टाक बुडवला, आणि नोंद नेमकी व्हावी म्हणून विचारलं, "कशाचा?"

"महिनाभर त्याला हात लावला नाही, त्याचा."

टाकावरचा शाईचा थेंब खाली पडला.  मागच्या बाकावरची एक म्हातारी उठून काही बोलायला लागली आणि मधेच बसली. हुल्दा मेरॅबकडं बघत राहिली. तिनं मान हलवली नाही, खालीही घातली नाही. मेरॅब उभीच होती. बस म्हणावं की नाही, हे कुणाला कळत नव्हतं.

विषय पहिल्या महिन्यावर ठेवण्यात आला. तोवरच्या सरपणाचं आणि मक्याचं काय, हे ठरवायचं राहून गेलं. अमेरिकन सरकारच्या जकातीचा माणूस पिठासाठी एकदा येऊन गेला. गाव कुणाच्याच बाजूचं नाही, म्हणून गावच्या पंचांनी त्याला हात हलवत परत पाठवलं. लिव्हरपूलहून काही कळण्याची सोय नाही. पेलेगच्या जहाजाची बातमी नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात बंदर गोठलं. पीठ मेरॅबच्या घरातच आहे. त्यात किडे झाले आहेत, आणि ते कुणाचं हे अजून ठरलेलं नाही.