साठ माणसांची डेग

मित्रांनो, मी एक जुनी तांब्याची डेग आहे. डेग म्हणजे काय, असं तुमच्यापैकी पुष्कळजण विचाराल, कारण तुमच्या घरात कुकर असतो आणि लग्नात केटरर. तर डेग म्हणजे मोठ्या पोटाचं, आखूड गळ्याचं, गावजेवणाचं भांडं. माझ्यात एका वेळी साठ माणसांचा भात होतो. एकसष्टावा आला तर त्यानं वाढप्याशी बोलावं, माझ्याशी नाही.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीत झाला. जन्म कसला, मारच तो! एका तांबटानं आठ दिवस मला हातोडीनं ठोकलं आणि नवव्या दिवशी म्हणाला, "आता कशी दिसायला लागली!" तेव्हापासून मला कुणी बोललं की फारसं लागत नाही. रोशनबीच्या वडिलांनी लेकीच्या लग्नासाठी मला विकत घेतलं, गळ्यावर तिचं नाव कोरून घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून वडगाव रासाईला आणलं. तिथं तिचे मालक इमाम मुलाणी यांचं पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान होतं. भीमेच्या काठावर मोटारी काही कमी नव्हत्या आणि जळतही भरपूर होत्या. त्यामुळे घर बरं चाललं होतं.

गावात एवढं मोठं भांडं दुसरं नव्हतं. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाची पूजा असो, कुणीतरी रोशनबीच्या दारात यायचं आणि उगाच उन्हाळ्याच्या, पिकाच्या गप्पा मारायचं. रोशनबी हसून म्हणायची, "डेग पायजे ना? मग सरळ बोल की!" ती माझ्यात ईदचा शीरखुर्मा करायची, भात करायची, पण मटण तिनं माझ्यात एकदाही शिजवलं नाही. त्याला वेगळं भांडं होतं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. डेग मागायला येणाऱ्याच्या मनात किंतू नको, एवढंच तिचं म्हणणं.

आणि गावाची एक रीत होती. मागून नेलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. चार शेंगा, मूठभर गहू, गुळाचा खडा, काहीतरी आत टाकूनच द्यायचं. शेजारच्या साखरबाई तर हात सैल सोडून टाकायच्या. त्यांचे मालक आनंदराव बागाईतदार. साखरबाईंनी मला तीस वर्षांत इतक्यांदा नेलं की मी नक्की कुणाच्या घरची, असा प्रश्न मलाच पडायचा.

पण मित्रांनो, चार दिवस सासूचे असतात तसे चार दिवस केटररचेही आले. गावात गॅसच्या शेगड्या आल्या, हलकी ॲल्युमिनियमची पातेली आली. कल्हईवाला यायचा बंद झाला. माझी रवानगी माळ्यावर झाली. माझ्या पोटात अजीमची शाळेची पुस्तकं, तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि एक चप्पल जमा झाली. एकच चप्पल. दुसरीचा पत्ता मला आजतागायत लागलेला नाही.

अजीम म्हणजे रोशनबीचा मुलगा. तो कंपनीत नोकरीला लागला आणि त्यानं दौंडला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. इमामचाचांचे हात थरथरायला लागले होते, बारीक तार धरता येत नव्हती. दुकान बंद पडलं. मग अजीमनं ठरवलं, अम्मी-अब्बांनी आता दौंडलाच राहायचं. सामान एका छोट्या हत्तीत, म्हणजे त्या चिमुकल्या टेम्पोत, एका खेपेत बसलं पाहिजे. त्यापलीकडे एक खराटाही नाही.

अजीम कंपनीतून तीन रंगांच्या चिकटपट्ट्या घेऊन आला. "अम्मी, आमच्याकडं ह्याला फाइव्ह एस म्हनत्यात," तो म्हणाला. "हिरवा टॅग न्यायाचं, पिवळा कुनाला द्यायाचं, लाल भंगारात. वर्षात हात लागला न्हाई, त्या वस्तूला लाल. भांडायचं न्हाई."

भांडायचं नाही हे रोशनबीला सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणण्यासारखं. ती दोन दिवस भांडली.

"ह्या चाळनीला भोक पडलंय, अम्मी."

"चाळनीला भोकंच असत्यात."

"ह्या बॅगेला मूठ न्हाई."

"तुला दोन हात हाईत ना? पोटाशी धरून न्हे."

अजीमची बायको तहमीना सासूच्या आणि नवऱ्याच्या मधे कधीच बोलायची नाही. ती गुपचूप लाल पट्टी काढायची आणि हिरवी लावायची. इमामचाचा बाजेवर बसून चहा पीत हा तमाशा बघत होते. त्यांचं हसू बघून रोशनबीचं माथं भडकलं. तिनं लाल पट्टी घेतली आणि थेट त्यांच्या सदऱ्यावर चिकटवली. "दोन वरसं झाली, ह्यांनी पन कशाला हात लावला न्हाई!" चाचांनी ती काढली नाही. तसेच पारावर गेले आणि सगळ्यांना दाखवून आले.

मग अजीमनं मला माळ्यावरून खाली घेतलं. मी मनातून निश्चिंत होते. भोकाच्या चाळणीसाठी जी बाई तासभर भांडली, ती माझ्यासाठी दोन दिवस तरी भांडेल!

"अम्मी, ही?"

रोशनबीनं माझ्याकडं पाहिलं. गळ्यावरच्या नावावरून पदर फिरवला. आणि म्हणाली, "साखरबाईला देऊन टाक."

बस्स. एवढंच. मित्रांनो, तांबटाचा मार मी हसत खाल्ला होता, पण हे लागलं. चाळणी माझ्याकडं बघत होती. त्या चाळणीसमोर माझा असा पाणउतारा व्हावा!

पण रिकामं भांडं देऊ नये म्हणून रोशनबीनं माझ्यात घरातले उरलेले तांदूळ भरले. अजीमनं मला मोटारसायकलवर मागं बांधलं आणि साखरबाईंच्या दारात उतरवलं. साखरबाई घरी नव्हत्या, चार दिवसांसाठी खुटबावला लेकीकडं गेल्या होत्या. घरात सून होती, स्वप्नाली. "अम्मीनं पाठवलीय," एवढंच सांगून अजीम घाईनं निघून गेला.

स्वप्नाली या घरात आल्यापासून एकच गोष्ट शिकली होती : मुलाण्यांची डेग परत द्यायची असते, आणि भरून द्यायची असते. तिनं तांदूळ काढून घेतले, माझ्यात गळ्यापर्यंत भुईमुगाच्या शेंगा भरल्या आणि संध्याकाळी मला घरी पोचवलं.

अजीम कपाळाला हात लावून बसला. दुसऱ्या दिवशी शेंगा पोत्यात ओतल्या, पोत्याला नाइलाजानं हिरवी पट्टी लावली, आणि माझ्यात घरातली डाळ भरून तो पुन्हा निघाला. या वेळी आनंदराव ओट्यावर होते. त्यांच्या कानाला फोन होता. आनंदरावांच्या कानाला फोन नाही असं गावात कुणी पाहिलेलं नव्हतं.

"आबा, ही कायमची दिलीय बरं का! परत नगा देऊ."

"व्हय, व्हय," आनंदराव म्हणाले. ते अजीमला म्हणाले की फोनवरच्या माणसाला, हे अल्ला जाणे. दुपारी त्यांचा ट्रॅक्टर आला आणि ट्रॉलीत मी होते. माझ्यात कांदे होते. मी एकटी कमी पडले असेन म्हणून शेजारी आणखी दोन पोती होती.

सामान कमी करायला निघालेल्या अजीमच्या घरात आता पूर्वीपेक्षा अर्धं पोतं शेंगा नि अडीच पोती कांदे जास्त झाले. "असं व्हत राह्यलं तर मला ट्रक लागंल," तो ओरडला. त्यानं रागारागानं माझ्या पोटावर लाल पट्टी मारली. उद्या सकाळी भंगारवाला म्हाळू येणार होता. आता मी त्याच्याकडं जाणार हे पक्कं झालं.

मी रोशनबीकडं पाहत राहिले. तिनं तोंड फिरवलं आणि कांदे निवडत बसली. निवडायचं काही नव्हतं, चांगले कांदे होते.

सकाळी टेम्पोत सामान चढत होतं. म्हाळूनं मला उचलायला हात घातला, एवढ्यात साखरबाई आल्या. खुटबावहून पहाटेच्या गाडीनं परतल्या होत्या. त्यांची नजर लाल पट्टीवर पडली.

"म्हाळू, हात काढ! रोशनबी, ह्ये काय चाललंय? माझ्या दोन पोरींची लग्नं झाली ह्या डेगीत, आन् तू भंगारात घालतीस?"

"तुलाच दिली व्हती," रोशनबी म्हणाली. "दोनदा धाडली. दोनदा माघारी आली."

"मग घिऊन जा की दौंडला!"

"कशाला न्हिऊ?" रोशनबी एकदम उठून उभी राहिली. "तिथं जिन्याला तीन मजले. दारं समदी बंद. डेग पायजे म्हनून तिथं कोन येनार हाय माझ्या दारात? रोज समोर दिसंल आन् रोज तेच मनात यील, का आता आपल्याकडं कुनाचंच काय आडत न्हाई. नगं मला."

तेव्हा मला कळलं, मित्रांनो, ती माझ्यासाठी का भांडली नाही. आणि मी वेडी चाळणीवर जळत बसले होते!

साखरबाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग माझ्याजवळ आल्या आणि खाकरल्या. "अवंदा ऊन लई हाय, न्हाई?"

रोशनबीनं चमकून पाहिलं.

"आमच्या सायलीचा साखरपुडा हाय पुढल्या महिन्यात," साखरबाई म्हणाल्या. "नातीचा हाय, केटरर सांगितलाय, पन भात घरचा पायजे. जरा डेग देतीस का?"

"अगं, घे की! तुलाच दिलीय."

"दिलेली नगं. उसनी दे." साखरबाईंनी पोटावरची लाल पट्टी नखानं खरवडून काढली. "दिली म्हंजी मिटलं. मंग मी कशाला येती तुझ्या दौंडला? उसनी असली म्हंजी माघारी द्यायाला यावंच लागतंय. तीन मजले चढून येईन. कल्हई बी करून आनीन."

रोशनबीनं पदर खोचला आणि पुरती मालकीण होऊन बोलली. "येळेवर आन हां. मला लागती."

दौंडच्या दोन खोल्यांत साठ माणसांची डेग कशाला लागते, हे अजीमनं विचारलं नाही. त्यानं खिशातून तिन्ही रंगांच्या पट्ट्या काढल्या, माझ्याकडं पाहिलं आणि परत खिशात घातल्या.

साखरपुडा झाला. साठ माणसांचा भात झाला, आणि त्र्याऐंशी माणसं जेवली. कशी ते मला विचारू नका. मग साखरबाई मला एसटीत शेजारच्या सीटवर बसवून दौंडला घेऊन आल्या. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. नवी कल्हई करून मी चांदीसारखी झळकत होते, पण रोशनबीनं माझ्याकडं ढुंकून पाहिलं नाही. ती साखरबाईंना म्हणाली, "केवढा उशीर गं!" आणि दोघी आत गेल्या. मी दारातच राहिले. तासाभरानं कुणाच्या तरी लक्षात आलं. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. बरं, थोडं वाटलं.

तेव्हापासून माझी अशीच ये-जा चालू आहे. वर्षातून सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं.

मित्रांनो, घर बदलताना सामान जरूर कमी करा. मूठ नसलेल्या बॅगा काढून टाका, एकटी चप्पल तर आधी टाका. पण कुणी मागायला येईल अशी एक वस्तू घरात ठेवा, ती घासूनपुसून नीट ठेवा. आणि तुम्हीही कुणाचं काही मागून आणा नि परत द्यायला स्वतः जा. कुरिअरनं पाठवू नका.

सध्या मी वडगावात साखरबाईंकडं आहे. मला परत करायचा दिवस उलटून पंधरा दिवस झाले. काल रोशनबीचा फोन आला होता. लई चिडली होती. "तुझ्या भरवशावर ऱ्हायले तर माझी डेग गेलीच म्हनायची," असं म्हणाली. शुक्रवारी ती स्वतःच मला न्यायला येतेय, चार दिवस राहायच्या तयारीनं. फोन ठेवल्यावर साखरबाई स्वप्नालीला म्हणाल्या, "गाद्या उन्हात टाक गं." उशीर त्या मुद्दामच करतात. पण मी पडले भांडं, मी कशाला बोलू?