शिकारी जावई

गोदामात उंदीर झालेत, असं सासूबाई फोनवर सहज बोलून गेल्या आणि रविवारी जावईबापू नवीकोरी छऱ्यांची बंदूक घेऊन दारात हजर झाले. अंगात झाडपाल्याच्या नक्षीचा शर्ट, डोक्याला तसलीच टोपी. उंदरांना जणू कपडे बघूनच घाम फुटणार होता.

"मांजर आहे की आपल्याकडे," सासूबाई म्हणाल्या.

"मांजराच्या भरवशावर शेती होत नाही, आई," असं म्हणून जावयांनी मांजराला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

दुपारभर आत फटफट चालली होती. पुरे म्हणायला सासूबाईंची जीभ रेटेना, म्हणून त्या चहा देत राहिल्या. संध्याकाळी जावई बाहेर आले. "पोत्यांवर एकही दिसत नाही आता."

सासूबाई आत डोकावल्या. उंदीर पोत्यांवर बसायचे, त्यामुळे छरेही पोत्यांतच घुसले होते. भोकाभोकातून बाजरीची धार लागली होती आणि प्रत्येक धारेखाली एकेक उंदीर निवांत जेवत होता.

"आजवर बिचाऱ्यांना पोतं कुरतडावं तरी लागायचं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मांजराला आत घेतलं, जावयांना बाहेर ठेवलं आणि दार लावून घेतलं.