शाई वाळेपर्यंत

माझ्या दुकानात एक नियम आहे, आणि तो मीच केलेला असल्यामुळे मोडायची कुणाला सोय नाही. लॅपटॉपमधला घड्याळाचा सेल बदलला की त्याच्या पिवळ्या वेष्टनावर बारीक पेनाने तारीख घालायची आणि खाली सही करायची. हा सेल नाण्याएवढा असतो. लॅपटॉप बंद असताना आतलं घड्याळ चालू ठेवणं, एवढंच त्याचं काम. तो संपला की यंत्राला काळवेळ कळेनाशी होते आणि ते कारखान्यात ठरवून दिलेल्या कुठल्या तरी जुन्या एक जानेवारीला जाऊन बसतं. बायको म्हणते, सेलवर जेवढं वळणदार लिहितोस, तेवढं मला आजवर दोन ओळींचं पत्र लिहिलं नाहीस. म्हणते ते खरं आहे.

तर ती शाई वाळायला पाचेक मिनिटं लागतात. तोवर सेलच्या वायरीला हात लावायचा नाही, नाहीतर अक्षर फिसकटतं. शाई वाळली की वायरीची पिन बोर्डावर बसवायची आणि झाकण लावायचं. वीस वर्षं मी असंच करत आलोय, आणि माझ्या हातचं काम परत येत नाही असं चारचौघांत सांगतही आलोय.

मंगळवारी सकाळी दुकान उघडतोय तोच ताई आल्या. ताई म्हणजे नकाशेवाल्या काकांची मुलगी. काका घरांचे नकाशे काढायचे, आणि त्यांचा तो जाडजूड लॅपटॉप दुखलाखुपला की माझ्याकडेच यायचा. काकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. ताईंनी तोच लॅपटॉप टेबलावर ठेवला. काकांचे जुने नकाशे यातच उघडतात, एका घरमालकाला त्यातला एक हवाय; पण चार्जर काढला की यंत्र बंद पडतं आणि पुन्हा चालू केलं की सोळा वर्षांपूर्वीची एक जानेवारी दाखवतं, असं त्या म्हणाल्या. शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज बदलला.

का बदलला ते मला ठाऊक होतं. काका आणि त्यांचा मुलगा, म्हणजे ताईंचे दादा, एकाच टेबलावर काम करायचे. दहा वर्षांपूर्वी दादा वेगळे झाले आणि जाताना काकांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक घेऊन गेले. काकांनी चार वर्षं मुलाचं तोंड पाहिलं नाही. त्यातच ते अंथरुणाला खिळले, आणि त्यांचं सगळं ताईंनी एकटीने केलं. काका गेल्यावर दादा म्हणाले, "दोन दिवसांपूर्वी मी आलो होतो. तू कामावर गेली होतीस. बाबांनी मला पत्र सांगितलं, मी त्यांच्या लॅपटॉपवर ते टाइप केलं." पत्र चार ओळींचं होतं. माझ्या मनात काही उरलं नाही, बहिणीला धरून राहा, असं त्यात होतं. पण फायलीवरची तारीख होती दहा वर्षं आधीची, एक जानेवारी. तेव्हा भांडणसुद्धा झालेलं नव्हतं.

दादा सांगत राहिले की लॅपटॉपच चुकीची तारीख दाखवत होता. ताईंनी घरी इंटरनेट जोडून पाहिलं तर तारीख अगदी बरोबर. शेवटी त्यांनी मला फोन केला. असं आपोआप होऊ शकतं का, एवढंच विचारलं. मी छाती ठोकून सांगितलं, "शक्य नाही. मीच त्यात नवा सेल घातलाय. कुणीतरी हाताने तारीख फिरवली असेल."

ताईंनी त्यावरून काढायचा तो अर्थ काढला. काका गेल्यावर भावाने खोटं पत्र रचलं, ते आधीचं वाटावं म्हणून घड्याळ मागे फिरवलं, आणि फिरवता फिरवता जरा जास्तच फिरवलं. त्या दिवसापासून बहीणभावाचं बोलणं बंद.

आता ताई समोर बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मोठी बॅटरी म्हातारी झाली असेल, पण माझा सेल एवढ्यात जायचा नाही. बघाच म्हणून ऐटीत लॅपटॉप उलटा केला. स्क्रू काढले, कीबोर्ड उचलला, पत्र्याची पट्टी सरकवली.

सेल होता तिथेच होता. पिवळं वेष्टन, त्यावर माझी तारीख, खाली माझी सही. एकही अक्षर फिसकटलेलं नव्हतं. आणि लाल-काळ्या वायरीची पिन खाचेच्या बाजूला मोकळी पडली होती.

मला आधी कळेचना मी काय बघतोय. वाटलं, आत्ता माझाच धक्का लागून निघाली असेल. पण खाचेच्या आत धूळ बसली होती, पिनेवर मात्र धुळीचा कण नव्हता. तिला कारखान्याची पारदर्शक टोपी तशीच होती. टोपीसकट पिन खाचेत जातच नाही. मी मीटर लावला. सेल नव्यासारखा भरलेला होता, कारण तो एक दिवसही चालला नव्हता. मी शाई वाळायची वाट बघत बसलो होतो, मध्ये कुणीतरी आलं असेल, आणि उठून गेलेला मी परत येऊन सरळ झाकण लावलं होतं.

सांगू नये, पिन गुपचूप बसवून द्यावी, असंही एक क्षण मनात आलं. ते लिहायची लाज वाटते, पण आलं खरं.

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

मी टोपीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. मोठी बॅटरी धडधाकट होती तोवर घड्याळ तिच्यावर चाललं, म्हणून मलाही कळलं नाही. काका आजारी पडल्यावर लॅपटॉप महिनोन्महिने पडून राहिला आणि मोठी बॅटरी पार उतरली. दादांनी चार्जर लावला तेव्हा यंत्र त्या जुन्या एक जानेवारीलाच जागं झालं. पुढे इंटरनेट लागल्यावर तारीख सुधारली. दादांनी काहीही फिरवलं नव्हतं.

ताई रडतील, मला बोलतील, असं वाटलं होतं. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून ती पिन नीट पाहिली.

"हे उघडून बघायला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं," मी म्हटलं.

"मी फोन केला तेव्हाही वीसच मिनिटं लागली असती."

मी हो म्हटलं.

त्यांनी फोन काढला. दादांचा नंबर त्यांनी पुसून टाकला होता, पण बोटांना पाठ होता. फोन लागला तसा त्यांनी स्पीकर चालू करून माझ्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तेव्हाही तुम्हीच सांगितलं होतंत."

मी कोण ते सांगितलं. पिनेचं सांगितलं. चूक माझी, आणि तेव्हा न बघता बोललो ती त्याहून मोठी चूक, असंही सांगितलं.

"ती आहे का तिथे?" दादांनी विचारलं.

मीच हो म्हटलं.

"मग तिला एक सांगायचं राहिलंय. ऐकूनच घ्यायची नाही ती." दादा सावकाश बोलत होते. "त्या दुपारी मी बाबांना म्हटलं होतं, तुमचं यंत्र येडं झालंय, दहा वर्षं मागची तारीख दाखवतंय. बाबा म्हणाले, राहू दे तीच, तेव्हा आपलं भांडण झालेलं नव्हतं."

ताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. माझ्या हातात ती पिन होती, आणि ती कुठे ठेवावी ते मला सुचेना.