हलक्या पेट्या

तिने ट्रॉम्बोनच्या पेटीला दोन्ही हात घातले, पाय रोवले, आणि पेटी इतकी झपकन वर आली की तोल जाऊन ती मागच्या कपाटावर आदळली.

खिट्टी काढून तिने झाकण उघडलं. आत लाल मखमलीत वाद्याच्या आकाराचा खोलगट भाग तेवढा होता.

तिने शेजारची पेटी उघडली. मग तिच्या शेजारची. अकरापैकी सात उघडल्या, सातही रिकाम्या निघाल्या. आठवीला हात लावायचा तिला धीर होईना.

बाहेर पटांगणावर पथकाची चाळीस मुलं गणवेश घालून उभी होती. त्यांत तिची मुलगीही होती, गळ्यात ड्रम अडकवून. स्पर्धेच्या गावी जाणारी बस अर्ध्या तासात सुटणार होती. पितळी वाद्यं पॉलिशला गेलीत असं सांगून पथक शिकवणाऱ्या सरांनी दोन आठवडे नुसत्या ड्रमचाच सराव घेतला होता. काल संध्याकाळी पेट्या परत आल्या तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

सर आत आले. उघड्या पेट्या पाहून त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

"ओरडू नका, ताई. मुलं ऐकतील."

"वाद्यं विकलीत?"

"छे! गहाण आहेत. व्यापाऱ्याकडे सुरक्षित आहेत."

"आणि दौऱ्याचे पैसे? सगळ्या पालकांनी गेल्या आठवड्यात भरलेत."

"ते मागच्या वर्षीच्या बसवाल्याला गेले. तो येऊन दारातच बसला होता."

"मग मागच्या वर्षीचे कुठे गेले?"

सर उघड्या पेट्यांची झाकणं लावू लागले. त्यांच्या शर्टाची कॉलर उसवली होती आणि काळ्या शर्टावर पांढऱ्या दोऱ्याने शिवली होती. या माणसाने स्वतःसाठी एक पैसाही घेतला नसणार, हे तिला दिसत होतं. त्यानेच तिला जास्त भीती वाटली. चोर असता तर कुठेतरी थांबला असता.

"गहाणखतावर सही कोणाची आहे?"

"संस्थेची."

"म्हणजे कोणाची, सर?"

"तुमची."

ती औषधांच्या दुकानात काम करायची. गोळ्यांची एक पट्टी इकडची तिकडे झाली तरी तिला चैन पडत नसे. पण आठ महिन्यांपूर्वी खजिनदारपद तिच्या गळ्यात पडलं, आणि सर नेमके गिऱ्हाइकांच्या गर्दीत कोरे कागद घेऊन यायचे. "संस्थेच्या कामाला लागतात," म्हणायचे. एका हाताने सुटे पैसे परत करत दुसऱ्या हाताने तिने सह्या ठोकल्या होत्या. आता त्या काउंटरसमोर पोलीस उभे असल्याचं तिला दिसलं. मालकाने किल्ल्या मागायला पुढे केलेला हातही दिसला.

सरांनी खिशातून चेकबुक काढलं.

"नव्या मुलांची वर्षाची फी कालच जमा झालीय. तेवढी दिली तर व्यापारी चार दिवसांसाठी वाद्यं सोडतोय, बसच्या वाटेवरच आहे. माझी सही झालीय. जिंकलो तर देणगीदार आपणहून येतील. आणि तुमच्याही डोक्यावरचं ओझं उतरेल."

"आणि नव्या मुलांचं वर्ष कशावर काढायचं?"

"पुढचं पुढे बघू, ताई. आजवर तसंच तर निभावलंय."

तिने पेन घेतलं. खोटं कशाला बोला, नावाचं पहिलं अक्षर तिने काढलंही. मग चेकवरच्या नव्या मुलांच्या फीच्या आकड्यावर तिची नजर गेली आणि पेन तिथेच थांबलं. तिने चेकबुक मिटलं, मुठीत धरलं आणि दार उघडून बाहेर आली.

पालक बसजवळ घोळक्याने उभे होते. तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज पुढच्या दोघांपलीकडे पोचेना. तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.

"सही कोणाची?" एका मुलाचे वडील म्हणाले.

"माझी. कोऱ्या कागदांवर केल्या होत्या."

"कोऱ्या? शुद्धीवर होतात का, बाई?"

तिच्या मुलीने गळ्यातला ड्रम काढून खाली ठेवला होता. तिच्याकडे बघायची हिंमत तिला झाली नाही.

"माझ्याकडूनही घेतल्या होत्या."

बसच्या पायरीशी उभी असलेली एक बाई बोलली. खजिनदारपद तिच्याकडे येण्याआधी दोन वर्षं ही बाई खजिनदार होती. "तीन कागद होते."

"मग बोलला का नाहीत?" त्याच वडिलांनी विचारलं.

"थोरल्याचं पथकातलं शेवटचं वर्ष होतं. म्हटलं, तेवढं पार पडू दे."

मग एका मुलीचे आजोबा खाकरले आणि चष्मा काढून पुसू लागले. "मीही," ते म्हणाले. "त्याच्याही आधी."

मागून आणखी कोणाचा तरी आवाज आला.

सर वाद्यांच्या खोलीच्या दारात उभे होते. पण मुलं त्यांच्याकडे बघत नव्हती. ती एकेक करून आपापल्या घरच्या माणसांकडे बघू लागली होती.